१.०३ की १.३५? कार्बनवर आदळलेल्या न्यूट्रिनोंचं एक प्रकरण

पार्श्वभूमी

शिकागोजवळच्या फर्मीलॅबमध्ये २००२ साली मिनीबून नावाचा प्रयोग माहिती गोळा करू लागला. अणुकेंद्रकाचा अभ्यास हा त्याचा हेतूच नव्हता. लॉस अलामॉसच्या एलएसएनडी प्रयोगाने न्यूट्रिनो (विद्युतभार नसलेले, अतिशय हलके आणि क्वचितच कशावर आदळणारे कण) रूप पालटताना, म्हणजे एका प्रकारातून दुसऱ्या प्रकारात जाताना दिसल्याचा दावा केला होता, तो खरा की खोटा हे या प्रयोगाला तपासायचं होतं. ८ जीईव्ही ऊर्जेचे प्रोटॉन बेरिलियमवर आदळवायचे, त्यातून निघालेल्या पायॉन नावाच्या अल्पायुषी कणांच्या विघटनातून न्यूट्रिनो मिळवायचे आणि ५४१ मीटर अंतरावर, १२.२ मीटर व्यासाच्या गोल टाकीतल्या सुमारे ८०० टन खनिज तेलात त्यांची वाट पाहायची. टाकीच्या आतल्या भिंतीवर प्रकाश टिपणारे १,२८० डोळे होते. (एक जीईव्ही म्हणजे प्रोटॉनच्या स्थिर वस्तुमानाइतकी ऊर्जा, थोडी जास्तच. त्याचा हजारावा भाग एमईव्ही.)

रूपांतर मोजायचं तर न्यूट्रिनो केंद्रकावर नेमके कसे आदळतात हे आधी ठाऊक हवं. त्यासाठी सगळ्यात साधी समजली जाणारी टक्कर निवडलेली होती: म्यूऑन-न्यूट्रिनो (न्यूट्रिनोंचा एक प्रकार) केंद्रकातल्या एका न्यूट्रॉनला धडकतो, न्यूट्रॉनचा प्रोटॉन होतो आणि न्यूट्रिनोच्या जागी म्यूऑन (इलेक्ट्रॉनचा जड भाऊ) बाहेर पडतो. हिला क्वासी-इलास्टिक म्हणतात. खनिज तेलात कार्बन आणि हायड्रोजन असतात. हायड्रोजनच्या केंद्रकात न्यूट्रॉनच नाही, त्यामुळे या टक्करी झाल्या त्या सगळ्या कार्बनच्या सहा न्यूट्रॉनांवर.

प्रयोगाच्या आतल्या कुणाचंही नाव या लेखात घेतलेलं नाही. निर्णय गटाचे होते, आणि कोणी काय म्हटलं यापेक्षा त्या वेळी समोर काय दिसत होतं हे महत्त्वाचं. ज्यांचे निबंध प्रसिद्ध आहेत ते सिद्धांतवाले तेवढे नावानिशी येतील.

प्रतिमान काय होतं

गणिताला तीन गोष्टी लागतात. पहिली, एकट्या न्यूट्रॉनवर टक्कर कशी होते. तिचा विद्युतचुंबकीय भाग इलेक्ट्रॉनच्या प्रयोगांतून चांगला माहीत होता. अ‍ॅक्शियल म्हणतात तो भाग मात्र थेट न्यूट्रिनोच दाखवू शकतो. धक्का जितका जोराचा तितका हा भाग घटत जातो, आणि किती वेगाने घटतो ते एका आकड्यात कोंबलेलं असतं. त्या आकड्याचं नाव अ‍ॅक्शियल मास. आकडा मोठा म्हणजे घट संथ, म्हणजेच टक्करी जास्त. ड्यूटेरियम (केंद्रकात एक न्यूट्रॉन असलेला जड हायड्रोजन) भरलेल्या, कणांचे मार्ग बुडबुड्यांनी दाखवणाऱ्या जुन्या बबल चेंबरांच्या नोंदींवरून २००२ साली त्याची जागतिक सरासरी १.०२६ जीईव्ही निघाली होती आणि त्रुटी सांगितली जात होती फक्त ०.०२१.

दुसरी गोष्ट केंद्रक. त्यासाठी १९७२ पासून रूढ असलेलं फर्मी वायूचं प्रतिमान वापरलं गेलं. कार्बन म्हणजे न्यूक्लिऑनांनी, म्हणजे प्रोटॉन-न्यूट्रॉनांनी, भरलेली खोली. प्रत्येकजण आपापला फिरतो, कमाल संवेग २२० एमईव्हीच्या आसपास, आणि बाहेर काढायला सुमारे ३४ एमईव्ही मोजावे लागतात. एकमेकांशी बोलणं नाही, हात धरणं नाही. तिसरी गोष्ट पाउलीचा नियम: आधीच भरलेल्या जागेवर नवा प्रोटॉन बसू शकत नाही, त्यामुळे अगदी हलक्या धक्क्याच्या टक्करी होतच नाहीत.

या सगळ्यात फिरवता येण्याजोगी किल्ली एकच होती, अ‍ॅक्शियल मास. माझ्या मते प्रकरणाची मुळं इथेच आहेत. बाकी सगळं खिळे ठोकून पक्कं केलेलं असलं आणि एकच स्क्रू ढिला असला, की जे काही बसत नाही त्याचा भार त्या स्क्रूवर येतो.

अडचण

२००८ साली पहिला निकाल आला. हलक्या धक्क्यांच्या बाजूला घटना अपेक्षेपेक्षा कमी होत्या, जोराच्या धक्क्यांच्या बाजूला जास्त. आलेख जुळवायला अ‍ॅक्शियल मास १.२३ करावं लागलं. तेवढ्यानेही भागेना, म्हणून पाउलीच्या नियमाची पकड थोडी घट्ट करणारा कप्पा नावाचा एक गुणक आणावा लागला, १.०१९.

पुढे पायॉन निघणाऱ्या टक्करी प्रयोगाने स्वतःच मोजल्या. यांतल्या काही चुकून क्वासी-इलास्टिकच्या खात्यात शिरतात. अशा नकोशा घटनांना पार्श्वभूमी म्हणतात. तोवर ही पार्श्वभूमी उसन्या प्रतिमानातून वजा केली जात होती. मोजलेले आकडे घातल्यावर कप्पा १.००७ वर आला, म्हणजे त्रुटीच्या मर्यादेत जवळपास १. या गुणकाला पाउलीच्या नियमाशी फारसं देणंघेणं नव्हतं, तो बराचसा चुकलेल्या पार्श्वभूमीचं ओझं वाहत होता. पण त्याच दमात अ‍ॅक्शियल मास मात्र चढून १.३५ झालं, त्रुटी ०.१७. २०१० च्या या निबंधात १,४६,०७० घटना होत्या आणि त्यांतल्या सुमारे ७७ टक्के खऱ्याखुऱ्या क्वासी-इलास्टिक असल्याचा अंदाज होता.

१.०३ आणि १.३५ मध्ये फरक तो किती, असं वाटेल. आकडे घालून पाहा. संवेगाच्या देवाणघेवाणीचा वर्ग (म्हणजे धक्क्याच्या जोराचं माप) ०.१ जीईव्ही-वर्ग असताना अ‍ॅक्शियल भाग पहिल्या आकड्याने मूळच्या ०.८४ पट उरतो, दुसऱ्याने ०.९०. किरकोळ फरक. पण तोच वर्ग ०.५ असला की ०.४६ विरुद्ध ०.६२. टक्करीच्या शक्यतेत याचा वर्ग येतो, म्हणजे तिथे एकट्या अ‍ॅक्शियल भागाचं योगदान पावणेदोन पटीच्या पुढे जातं. शिवाय १.३५ हा आकडा काढताना फक्त आलेखाचा आकार जुळवला होता. नंतर एकूण टक्करींची संख्या पाहिली, तर तीसुद्धा जुन्या आकड्याने येणाऱ्या संख्येपेक्षा सुमारे ३० टक्क्यांनी जास्त, आणि १.३५ घातलं की बऱ्यापैकी जुळणारी. दोन वेगळ्या बाजूंनी एकच आकडा खरा ठरत होता. फसवणूक इतकी साळसूद क्वचितच असते.

त्याच सुमारास सर्न या युरोपीय प्रयोगशाळेच्या नोमॅड प्रयोगाने कार्बनवरच, पण ३ ते १०० जीईव्ही ऊर्जेच्या न्यूट्रिनोंनी मोजून १.०५ दिलं. जपानच्या केटूके प्रयोगाने ऑक्सिजनवर १.२० दिलं होतं. न्यूट्रॉनचा गुणधर्म, आणि प्रयोगाप्रयोगाला वेगळा.

समोर असलेले पर्याय

न्यूट्रिनोंचा प्रवाहच चुकीचा मोजला असेल, हा पहिला संशय. मिनीबूनने प्रवाहाचा अंदाज सर्नच्या हार्प प्रयोगाने बेरिलियमवर मोजलेल्या पायॉनांवरून घेतला होता आणि एकूण मापात सुमारे ११ टक्के त्रुटी मान्य केली होती. ३० टक्क्यांचा फरक त्यात मावत नाही, आणि आकाराचं कोडं तर प्रवाहाच्या एकूण मापाने सुटतच नाही.

दुसरा पर्याय, न्यूट्रॉनचं अ‍ॅक्शियल मास खरोखरच १.३५ मानायचं. मग ड्यूटेरियमच्या सगळ्या नोंदी आणि इलेक्ट्रॉनने पायॉन निर्माण करण्याच्या प्रयोगांतून आलेला, जवळपास १.०३ शीच जुळणारा आकडा, हे सगळं मोडीत काढावं लागतं. ही तयारी कुणाची नव्हती.

तिसरा पर्याय सिद्धांतवाल्यांना सगळ्यात आवडणारा: फर्मी वायू बाळबोध आहे, केंद्रकाचं चांगलं प्रतिमान आणा. आणलं. पण चांगली प्रतिमानं टक्करींची संख्या बहुतेक वेळा कमीच करतात. केंद्रकातले न्यूक्लिऑन एकमेकांचा प्रभाव झाकतात हा परिणाम न्यूट्रिनोंच्या संदर्भात अलीगढचे एस. के. सिंग आणि स्पेनचे ई. ओसेट यांनी १९९२ मध्येच हिशेबात घेतला होता, आणि तो हलक्या धक्क्यांच्या टक्करी घटवतो. ओमार बेन्हार आणि सहकाऱ्यांनी २०१० मध्ये दाखवलं, की इलेक्ट्रॉनचे निकाल उत्तम सांगणारं प्रतिमान १.०३ घालून मिनीबूनसाठी वापरलं तर ते सरळ कमी पडतं. औषध बदललं आणि दुखणं वाढलं.

चौथा पर्याय तडजोडीचा: आकड्याला 'परिणामी अ‍ॅक्शियल मास' म्हणायचं आणि पुढे चालायचं. प्रत्यक्षात हाच आधी निवडला गेला. याला नावं ठेवणं सोपं आहे, पण मिनीबूनचं मूळ काम त्याने अडत नव्हतं. इलेक्ट्रॉन-न्यूट्रिनोंचा (रूप पालटल्यावर दिसायच्या त्या प्रकाराचा) अंदाज त्याच टाकीतल्या, त्याच तेलातल्या म्यूऑन-न्यूट्रिनोंवरून बांधला जात होता. दोन्हीकडे एकच चूक असली तर ती बरीचशी कटून जाते. धोका होता तो १.३५ हा आकडा उचलून दुसऱ्या प्रयोगात, दुसऱ्या ऊर्जेला, दुसऱ्या केंद्रकावर वापरणाऱ्याला.

पाचवा पर्याय २००८ साली टेबलावर नव्हताच: टक्कर एका न्यूट्रॉनशी झालीच नसेल तर?

दिसत होतं काय

इथे जरा थांबायला हवं, कारण सगळा घोळ 'क्वासी-इलास्टिक' या शब्दात आहे.

मिनीबूनच्या टाकीत दिसायचं ते असं: म्यूऑनच्या प्रकाशाचा एक झगमगाट, आणि थोड्या वेळाने तो म्यूऑन विघटित होऊन निघालेल्या इलेक्ट्रॉनचा दुसरा. दोनच झगमगाट असले आणि पायॉनचा मागमूस नसला, की घटना क्वासी-इलास्टिकच्या खात्यात जायची. प्रोटॉन बहुधा इतका संथ असायचा की तेलात त्याचा तो विशिष्ट प्रकाश पडतच नसे. म्हणजे प्रोटॉन एक निघाला की दोन, हे या टाकीला कळण्याचा मार्गच नव्हता.

कॅरमच्या फळ्यावर चादर टाकली आहे आणि फक्त स्ट्रायकर दिसतो आहे अशी कल्पना करा. स्ट्रायकर कुठून कसा परतला यावरून खालची सोंगटी कशी हलली ते तुम्ही सांगताय. एकच सोंगटी असेल तर हिशेब चोख बसतो. पण दोन सोंगट्या एकमेकींना चिकटून बसल्या असतील, तर स्ट्रायकर वेगळाच परततो, आणि तुम्ही म्हणता, ही सोंगटी जरा जास्तच जड दिसते.

याच दृष्टिकोनातून ऊर्जेचा हिशेबही पाहण्यासारखा आहे. येणाऱ्या न्यूट्रिनोची ऊर्जा कुणालाच माहीत नसते. प्रवाहात सगळ्या ऊर्जांचे न्यूट्रिनो मिसळलेले असतात, मिनीबूनमध्ये सरासरी ०.८ जीईव्हीच्या जवळपास. म्यूऑनची ऊर्जा आणि कोन घेऊन, 'टक्कर एका स्थिर न्यूट्रॉनशी झाली' असं धरून सूत्राने ती काढतात. ५०० एमईव्ही गतिज ऊर्जेचा म्यूऑन ३० अंशांत निघाला तर सूत्र म्हणतं न्यूट्रिनो सुमारे ७०० एमईव्हीचा होता. तोच म्यूऑन ६० अंशांत निघाला तर सुमारे ९६०. दोन्ही उत्तरं एका न्यूट्रॉनच्या गृहीतकावर उभी आहेत. धक्का जोडीला बसला असेल तर खरी ऊर्जा सहसा सूत्राने सांगितलेल्यापेक्षा जास्त असते, आणि कागदावर त्याचा पत्ताही लागत नाही.

काय केलं गेलं

माझ्या लेखी या प्रकरणातला सगळ्यात चांगला निर्णय २०१० चा आहे. गटाने १.३५ छापलं, पण निबंधाचा मुख्य निकाल तो ठेवला नाही. म्यूऑनची ऊर्जा आणि म्यूऑनचा कोन या दोनच मोजलेल्या राशींच्या चौकटीत टक्करीची शक्यता कोष्टक करून दिली. सोबत न्यूट्रिनो प्रवाहाचं कोष्टक. आणखी एक गोष्ट: पायॉन निर्माण होऊन केंद्रकातच शोषला गेला अशा ज्या घटना वजा केल्या होत्या, त्यांचाही हिशेब दिला, म्हणजे कुणाला ती वजाबाकी पटली नाही तर त्याने ती परत मिळवून घ्यावी. न्यूट्रिनोच्या ऊर्जेनुसार काढलेला आलेख प्रतिमानावर अवलंबून आहे, हेही सांगितलं. आपलं प्रतिमान उद्या चुकीचं ठरेल हे धरून मोजमाप प्रसिद्ध करणं, हे वाटतं तितकं सर्रास घडत नाही.

दुसरी हालचाल बाहेरून झाली. मार्को मार्टिनी, माग्दा एरिक्सन, गी शांफ्रे आणि जाक मार्तो यांनी २००९ मध्ये दाखवलं, की न्यूट्रिनो न्यूक्लिऑनांच्या जोडीला धडकून दोघांना बाहेर काढतो अशा टक्करी मिळवल्या, तर अ‍ॅक्शियल मासला हात न लावता मिनीबूनची संख्या जुळते. नंतर आलेल्या कोष्टकाशीही हे गणित जुळलं. २०११ मध्ये नीव्हेस, रुईझ सिमो आणि व्हिसेंते व्हाकास यांनी स्वतंत्र हिशेबाने तेच केलं आणि त्याच नोंदींतून त्यांना अ‍ॅक्शियल मास १.०८ च्या आसपास मिळालं.

काखेत कळसा म्हणतात तो प्रकार होता. जोड्यांचं हे योगदान केंद्रकांवर इलेक्ट्रॉन आदळवणाऱ्या अभ्यासकांना १९८० च्या दशकापासून ठाऊक होतं. कार्बनवर इलेक्ट्रॉन मारले की एका न्यूक्लिऑनचा उंचवटा दिसतो, पुढे डेल्टा नावाच्या उत्तेजित अवस्थेचा उंचवटा दिसतो, आणि मधली दरी साध्या हिशेबापेक्षा भरलेली निघते. ती भरतात त्यांत या जोड्या मोठ्या. एरिक्सन या विषयात तेव्हापासून होत्या. २००८ साली, म्हणजे १.२३ प्रसिद्ध झालं त्याच वर्षी, अमेरिकेतल्या जेफरसन लॅबच्या प्रयोगाने कार्बन-१२ मधले सुमारे २० टक्के न्यूक्लिऑन जोडीत असतात आणि जोड्या बहुतांश प्रोटॉन-न्यूट्रॉनच्या असतात, असं दाखवलं.

मग न्यूट्रिनोवाल्यांना हे सुचलं का नाही? आळस म्हणून सोडून देता येणार नाही, कारण अडचण खरी होती. इलेक्ट्रॉनच्या झोताची ऊर्जा अचूक माहीत असते, त्यामुळे उंचवटा आणि दरी वेगवेगळी दिसतात. न्यूट्रिनोच्या झोतात सगळ्या ऊर्जा मिसळलेल्या. एका ऊर्जेची दरी दुसऱ्या ऊर्जेच्या उंचवट्यावर येऊन पडते आणि सगळं सपाट होतं. इलेक्ट्रॉनवाल्याला जे शेजारच्या खोलीत वेगळं दिसत होतं, ते न्यूट्रिनोवाल्याच्या खोलीत मिसळूनच येत होतं.

निष्पत्ती

नोमॅडचा १.०५ आणि मिनीबूनचा १.३५ यांचं भांडण बरंचसं निवळलं. नोमॅड कणांचे मार्ग टिपणारं उपकरण होतं, तिथली घटनांची निवडही वेगळी होती, त्यामुळे जोडीच्या टक्करी तिथे बहुधा त्या खात्यात कमी शिरल्या. शब्दही बदलले. प्रयोग आता 'क्वासी-इलास्टिक' मोजल्याचा दावा जपून करतात. 'एक म्यूऑन, पायॉन शून्य' असं, जे दिसलं तेच लिहितात. जपानच्या टीटूके प्रयोगाने जोडीच्या टक्करी आपल्या गणनेत घेतल्या. तिथे तर ते भागच होतं, कारण ऊर्जेत चूक झाली की न्यूट्रिनोच्या रूपांतराचे आकडेच सरकतात.

पण प्रकरण मिटलं असं मी म्हणणार नाही. मार्टिनी गटाचं जोडीचं योगदान नीव्हेस गटाच्या जवळजवळ दुप्पट येतं. फर्मीलॅबच्याच मिनर्व्हा प्रयोगाने २०१६ मध्ये दरीचा भाग जवळून पाहिला, तर नीव्हेस गटाचं गणितही अपुरं पडलं. मग काय केलं? जोडीच्या टक्करी हव्या तेवढ्या वाढवणारं एक जुळवून घेतलेलं फलन लावलं. नोव्हा प्रयोगानेही आपल्या नोंदींना जुळेल असा त्याच प्रकारचा बदल केला. जुनी किल्ली काढून नवी बसवली आणि तीही फिरवायला सुरुवात झाली. फरक एवढाच, की ही किल्ली आहे हे आता सगळ्यांना माहीत आहे.

वेगळं काय करता आलं असतं

२००८ च्या निबंधातच म्यूऑनच्या दोन राशींचं कोष्टक दिलं असतं तर दोन वर्षं वाचली असती, असं सहज म्हणता येतं. ते तितकंसं खरं नाही. तेव्हा पायॉनची पार्श्वभूमी मोजलेली नव्हती, आणि कप्पाने दाखवलं तसं ते कोष्टकही वाकडं निघालं असतं. आधी पार्श्वभूमी, मग कोष्टक, हा क्रम बरोबरच होता.

चूक मला दुसरीकडे दिसते. एकाच किल्लीने आकार आणि संख्या दोन्ही जुळल्यावर, 'म्हणजे किल्ली बरोबर' या समजाला पुरेसा विरोध झाला नाही. त्याच क्षणी एक परीक्षा घेता आली असती: हेच प्रतिमान, याच कमाल संवेगासकट, कार्बनवरच्या इलेक्ट्रॉन नोंदींवर चालवून बघायचं. तिथे अ‍ॅक्शियल मास नसतंच, त्यामुळे लपायला जागा नाही. दरी रिकामी राहिली असती आणि प्रश्न तिथेच उघडा पडला असता. नोंदी फ्रान्समधल्या साक्लेच्या प्रयोगशाळेने १९८० च्या दशकातच प्रसिद्ध केल्या होत्या.

आणि ज्या १.०३ ला आपण इतका वेळ मोजपट्टी मानून मोजतो आहोत, त्याचं काय? २०१६ मध्ये ड्यूटेरियमच्या जुन्या नोंदी पुन्हा तपासल्या गेल्या. या वेळी घट एका ठरावीक सूत्राने होते हे गृहीत सोडून दिलं. त्रुटी कित्येक पटींनी वाढली. ०.०२१ हा नेमकेपणा नोंदींतून आला नव्हता, सूत्राच्या कडकपणातून आला होता. न्यूक्लिऑन ज्यांचे बनतात त्या क्वार्कांपासून सुरुवात करून महासंगणकावर केलेली गणितंही जोराच्या धक्क्यांना अ‍ॅक्शियल भाग ड्यूटेरियमच्या निकालापेक्षा मोठा सांगतात. मिनर्व्हाने २०२३ मध्ये प्रतिन्यूट्रिनो (न्यूट्रिनोचे प्रतिकण) वापरून थेट हायड्रोजनवर हे मोजलं, जिथे केंद्रकाचा प्रश्नच नाही. त्यामुळे मिनीबूनच्या त्या ३० टक्क्यांपैकी थोडा वाटा खरोखर न्यूट्रॉनचाही असू शकतो. १.३५ चुकीचं होतं, पण दिशा पूर्णपणे चुकीची होती असं आज छातीठोकपणे सांगता येत नाही.

पुढचा मोठा अमेरिकन प्रयोग, डीयूएनई, द्रव आर्गॉनवर चालणार आहे. आर्गॉन-४० मध्ये १८ प्रोटॉन आणि २२ न्यूट्रॉन. कार्बनसारखी समसमान वाटणी नाही, म्हणजे कार्बनवर घोटलेलं प्रतिमान तसंच उचलता येणार नाही. न्यूट्रिनोला न्यूट्रॉन हवे असतात, आणि इलेक्ट्रॉनने केंद्रकातून प्रोटॉन बाहेर काढून अभ्यासणं सोपं असतं. म्हणून २०१७ मध्ये जेफरसन लॅबमध्ये इलेक्ट्रॉनचा झोत आर्गॉनवर मारला, आणि टायटॅनियमवरही. टायटॅनियमचे प्रोटॉन २२. आर्गॉनच्या २२ न्यूट्रॉनांच्या जागी ते उभे करता येतात. डीयूएनईचा न्यूट्रिनो झोत तेव्हा सुरूही झालेला नव्हता.